फ्री आहेस का?

मोबाइलमधलं कॅलेंडर उघडा बरं. या शनिवारी सकाळी अकराला काही लिहिलंय? नाही? म्हणजे तुम्ही फ्री आहात? थांबा, लगेच ‘हो’ म्हणू नका. या एका प्रश्नाने महिनाभर माझं डोकं जाम खाल्लंय.

झालं असं, की पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं फ्रीलान्स काम मिळालं. मास कॉम करताना वाटलं होतं, आपण बड्या बड्या लोकांच्या मुलाखती घेणार. आणि लिहितेय काय, तर एका टूलचं डॉक्युमेंटेशन! टूल तसं साधं. अमुक माणूस अमुक वेळी मोकळा आहे का, एवढंच सांगणारं. पण हे विचारणार माणूस नाही, एआय एजंट. म्हणजे तुमच्या वतीने मेल वाचणारा, मीटिंगा ठरवणारा प्रोग्रॅम. त्याला दिसतं फक्त टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती द्यायची याची यादी. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलची मांडणीही अशीच आहे. ते वर्णन वाचून एजंट ठरवतो, टूल कधी वापरायचं आणि उत्तराचा अर्थ काय लावायचा. थोडक्यात, माझं वाक्य न् वाक्य खरं मानणारा वाचक! आम्हा कॉलमवाल्यांना याची सवय कुठून असणार?

मी झोकात लिहिलं, ‘हे टूल व्यक्तीची मोकळी वेळ सांगतं.’ सुटसुटीत, कूल.

काम घरूनच होतं, आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही ठरलेलं, म्हणून मी भद्रावतीला आले होते. टेस्टिंगसाठी टूलला माझंच कॅलेंडर जोडलं. ऑपरेशनच्या तारखेवर अख्ख्या दिवसाची नोंद होती, ‘आई – डोळा’.

एजंटने त्याच दिवशी अकराला कॉल लावला! मला कळलं ते फोन वाजल्यावर. चंद्रपूरच्या हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून वीस-पंचवीस मिनिटं बोलत होते. परत आले तर आईला आत नेलेलं. बाबा एवढंच म्हणाले, ‘तुले शोधत होती.’

ऑपरेशन छान झालं. ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

रात्री बसून कारण शोधलं. कॅलेंडरं एकमेकांशी आयकॅलेंडर नावाच्या फॉरमॅटमध्ये बोलतात, तो १९९८चा. त्यात नोंद ‘अपारदर्शक’ असते किंवा ‘पारदर्शक’. पारदर्शक नोंद वेळ अडवत नाही. बरीच अ‍ॅप्स अख्ख्या दिवसाची नोंद आपणहून पारदर्शक धरतात, कारण तिथे लोक वाढदिवस न् सण टाकतात. म्हणजे टूल चुकलं नव्हतं, खोटं बोललं होतं माझं वाक्य. टूलला कळतात त्या फक्त अडवलेल्या वेळा. उरलेल्या वेळेचा अर्थ ‘मोकळी’ नाही, ‘नोंद नाही’. हा घोळ जाणकारांच्याही लक्षात आलेला, म्हणून २०१६ मध्ये ‘कॅलेंडर अ‍ॅव्हेलेबिलिटी’ नावाचं वेगळं मानक आलं. त्यात माणूस एरवी कधी उपलब्ध असतो ते आधी सांगायचं, बाकीची वेळ अनुपलब्ध.

बाबांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. कोळसा खाणीत जन्म गेला त्यांचा. नाइट करून सकाळी आले की हजेरीबुकात ड्युटी संपलेली, पण दुपारपर्यंत घरात टीव्ही लावायची कोणाची टाप नव्हती! आणि आमच्याच तालुक्यातल्या मोहर्लीच्या गाइडचं काय? मंगळवारी ताडोबा बंद, पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. त्याचा मोकळा दिवस म्हणजे आपला कामाचा.

आई गॉगल लावून ऐकत होती. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे आहेत, सिलिंडर लावल्याची तारीख आहे, आई कुठेच नाही. आमच्या टूलला विचाराल तर अख्ख्या भद्रावतीत सगळ्यात फ्री बाई तीच. ‘मी काय बाप्पा, रिकामीच असतो,’ ती म्हणाली, आणि तसंच उठून कुकर लावायला निघाली. ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी! बाबांनी बसवलं तिला.

मग वर्णन नव्याने लिहिलं: ‘हे टूल कॅलेंडरमध्ये नोंदलेल्या व्यस्त वेळा सांगतं. नोंद नसलेली वेळ मोकळी धरू नका, माणसाला विचारा. कॅलेंडर वाचता आलं नाही, तर “मोकळी” नव्हे, “माहीत नाही” सांगा. अख्ख्या दिवसाच्या नोंदी वेगळ्या तपासा. वेळ लिहिताना सोबत +०५:३० लिहा.’ (शेवटचं अमेरिकेच्या क्लायंटांसाठी. त्यांची घड्याळं मार्च-नोव्हेंबरात सरकतात, आपली नाही.)

क्लायंटचा मेल आला: ‘माणसाला विचारा’ काढता येईल का? दर वेळी विचारायचं तर एजंट कशाला? मुद्दा बिनतोड होता, काय राव! आता तडजोड अशी: ठरलेल्या कामाच्या वेळेत विचारायचं नाही, पण त्या वेळेबाहेर किंवा दिवसभराची नोंद असलेल्या दिवशी विचारायचंच. त्यांचं उत्तर अजून यायचंय.

पुढची तपासणी मंगळवारी. आईने एक डोळा मिटून कालनिर्णयाच्या चौकटीत ‘डोळा’ लिहिलं. मी खाली लिहिलं, ‘९ ते २, दोघी’.