आहारतज्ज्ञ आता मोबाइलवर: सल्ला घेताना काय पाहाल?

2020 च्या लॉकडाऊनमध्ये अडचण म्हणून सुरू झालेला ऑनलाइन आहारसल्ला आता रोजचा झाला आहे. प्रताप नगर, खामला भागातले रुग्णही घरी बसून पुण्या-मुंबईच्या आहारतज्ज्ञांशी बोलतात. हा सल्ला कुठे उपयोगी आहे आणि कुठे धोक्याचा, हे तुम्हाला माहीत हवे.

फायदा कुठे?
आहाराचे काम एका भेटीत संपत नाही, वारंवार विचारपूस लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात वयस्कर माणसाला दर वेळी बाहेर काढावे लागत नाही, हे मोठेच सुख. शिवाय व्हिडिओवर तुमची वाटी, तेलाचा चमचा, पोळीचा आकार दाखवता येतो. म्हणून घरात जे स्वयंपाक करतात, त्यांना कॉलवर जरूर बसवा.

धोका कुठे?
तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेता आणि रात्रीचा भात-पोळी अचानक बंद करता. औषधाचा डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर साखर तपासा. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नका, 108 ला फोन करा.

किडनीच्या रुग्णाला संत्र्याचा रस, नारळपाणी किंवा 'लो सोडियम' मीठ त्रासदायक ठरू शकते, कारण त्यांत पोटॅशियम असते. पायावरची सूज दाबून पाहणेही फोनवर जमत नाही.

कायदा काय म्हणतो?
मार्च 2020 मधील टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. आहारतज्ज्ञांचा समावेश 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात झाला. पण 'डाएट कोच' असे नाव लावणारा प्रत्येक जण आहारतज्ज्ञ नसतो.

कॉलआधी आणि कॉलनंतर
- शिक्षण विचारा. इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'आरडी' ही नोंदणी असल्यास उत्तम.
- औषधांची पूर्ण यादी, एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे रिपोर्ट आधी पाठवा. रिपोर्ट न बघता तक्ता देणाऱ्यांपासून दूर राहा.
- पावडर किंवा सप्लिमेंट विकत घेण्याचा आग्रह झाला तर सावध व्हा.
- तक्ता सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. औषधाचा डोस तेच बदलतील.

गरोदर स्त्री, डायलिसिसचे रुग्ण, लहान मुले आणि विनाकारण वजन घटलेली माणसे यांनी पहिली तपासणी प्रत्यक्षच करून घ्यावी. पुढचा पाठपुरावा मोबाइलवर झाला तरी चालेल.