सुहास पाटील आणि तीन सिगारेटवाले

भारतात चिप बनणार म्हणून वर्तमानपत्रांचे रकाने भरून वाहत आहेत. धोलेरा, साणंद ही नावे आता आमच्या कचेरीत चहाच्या वेळीही ऐकू येतात. अशा वेळी 'आपल्या' माणसांची यादी निघतेच, आणि त्यात सुहास पाटील हे नाव असते. आडनाव पाटील म्हटल्यावर अभिमान बाळगायला आपल्याला आणखी काय लागते? जन्म १९४४ चा, जमशेदपूरचा. १९६५ मध्ये खरगपूरच्या आय.आय.टी.ची पदवी, १९७० मध्ये एम.आय.टी.ची डॉक्टरेट, मग अमेरिकेत कंपनी, मग शेअर बाजार. लेख समाप्त!

माझी तक्रार अशा लेखांबद्दल आहे. या माणसाने नेमके केले काय, ते त्यात नसते. आम्ही कला शाखेवाले, आम्हाला चिपमधले काय कळणार, असे लिहिणारे गृहीत धरत असावेत. पण पाटलांच्या डोक्यातला प्रश्न कुठल्याही कारकुनाला कळेल असा आहे.

एम.आय.टी.त असताना १९७१ मध्ये त्यांनी एक कोडे मांडले. टेबलाभोवती तीन सिगारेट ओढणारे बसले आहेत. एकाकडे भरपूर तंबाखू, दुसऱ्याकडे कागद, तिसऱ्याकडे काड्यापेट्या. चौथा माणूस पुरवठादार. तो यांतल्या कुठल्याही दोन वस्तू टेबलावर ठेवतो. ज्याच्याकडे उरलेली तिसरी आहे त्याने त्या दोन उचलायच्या, सिगारेट वळायची, ओढायची. मग पुरवठादाराने पुन्हा दोन वस्तू ठेवायच्या.

सोपे वाटते ना? आता समजा तंबाखू आणि कागद आले. दोन्ही काड्यापेटीवाल्याचे. पण कागदवाल्याने झटकन तंबाखू उचलला आणि तंबाखूवाल्याने कागद. दोघेही आता काड्यापेटीची वाट बघत बसले. काड्यापेटीवाला रिकाम्या टेबलाकडे बघतोय. सगळे थांबले, आणि चूक म्हणावी तर कुणाचीच नाही.

मंजुरीशिवाय बिल नाही आणि लेखा शाखेच्या शेऱ्याशिवाय मंजुरी नाही, म्हणून एकेक कागद धरून महिनाभर बसलेली दोन टेबले ज्याने पाहिली आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमनी एकमेकांना अडवू नये म्हणून डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने 'सेमाफोर' नावाची खुणेची पद्धत दिली होती. नुसत्या तेवढ्या खुणांवर, पुरवठादाराचे काम न बदलता, हे कोडे सुटत नाही, असे पाटलांचे म्हणणे होते.

पुढे ते युटा विद्यापीठात शिकवायला गेले. तिथे चिपची रचना एका नियमित चौकटीत बसवण्याची 'स्टोरेज लॉजिक अ‍ॅरे' ही पद्धत त्यांनी काढली. सर्किट आखणे हे प्रोग्रॅम लिहिण्यासारखे व्हावे, ही कल्पना. १९७९ मध्ये टेरी वेल्च यांच्याबरोबर त्यांचा त्यावर निबंध आला. (जिफ चित्रांच्या एलझेडडब्ल्यू या नावातला डब्ल्यू तो हाच वेल्च.) १९८१ मध्ये सॉल्ट लेक सिटीत 'पाटील सिस्टिम्स' निघाली. १९८४ मध्ये ती कॅलिफोर्नियात गेली आणि 'सिरस लॉजिक' झाली. सुरुवातीला स्वतःचा कारखाना नव्हता. डोके आपले, चिप बनवणार दुसरा. कारखान्यांच्या बातम्यांनी हरखून जाताना हे जरा आठवावे.

आणि कंपनीने विकले काय? हार्ड डिस्क सांभाळणाऱ्या चिप. डिस्क आपल्या गतीने फिरते, प्रोसेसर आपल्या गतीने धावतो, दोघांनी एकमेकांसाठी खोळंबू नये म्हणून मधला माणूस हवा. मला तरी हे त्या सिगारेटवाल्यांचेच पुढचे प्रकरण वाटते. नव्वदच्या दशकात संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर क्षणभर 'सिरस लॉजिक' उमटायचे, ते त्यांच्या ग्राफिक्स चिपमुळे. आमच्या संगणक वर्गात ते रोज दिसे. तेव्हा मला वाटायचे, हे ढगांचे काहीतरी असावे. पुढे ग्राफिक्सच्या शर्यतीत ही कंपनी मागे पडली आणि आवाजाच्या चिपकडे वळली. असो.

परवा चहाच्या वेळी मी हे कोडे सांगितले. आमचा शिपाई कप विसळता विसळता म्हणाला, "सायब, मदीं एक मनीस दवरात. टेबलार कितें आसा तें पळोवन तो बरोबर मनशाक उलो मारतलो."

मी उडालोच. डेव्हिड पार्नास यांनी १९७५ मध्ये पाटलांना उत्तर दिले होते की तुमच्या अटीच फार जाचक आहेत, त्या सैल केल्या तर सेमाफोरनेही कोडे सुटते. आज पाठ्यपुस्तकात जे उत्तर शिकवतात त्यात मध्ये असेच मदतनीस असतात: टेबलावर काय आले ते पाहणारे आणि योग्य माणसाला उठवणारे.

शिपायाची सूचना मी मोठ्या उत्साहाने लेखा शाखेला सांगितली. अशी जागा मंजूर नाही, असे कळले.