फळ्यावरची नावं पुसायची कोणी?



अडतीस वर्षं शाळेत काढली. मी वर्गाबाहेर गेले की मॉनिटर बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. परत आले की वर्ग चिडीचूप, नावं मात्र तशीच! त्यात खरा बडबड्या एखादाच. बाकीचे दोघं मॉनिटरशी भांडलेले. मी प्रत्येकाला ‘काय केलंस?’ विचारायचे आणि तास संपायच्या आत फळा पुसायचे.

हे आठवलं ते युद्धातल्या व्यापारी काळ्या याद्यांबद्दल वाचताना. 17 जुलै 1941 ला अमेरिकेने लॅटिन अमेरिकेतल्या सुमारे 1,800 व्यक्ती आणि पेढ्यांची यादी जाहीर केली. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीसुद्धा नव्हती! जर्मनी-इटलीला मदत केल्याचा ठपका पुरे. कोर्टात शाबित व्हायची गरज नाही. यादीत नाव आलं की अमेरिकेशी व्यापार बंद आणि तिथला पैसा गोठवलेला. नाव काढायला अर्ज करता येई, पण निकाल देणार यादी करणारेच.

आमचे भाऊजी म्हणतात, “वहिनी, युद्धात असं करावंच लागतं.” मान्य! माझं भांडण नाव लिहिण्याशी नाही, न पुसण्याशी आहे.

जर्मनीने मे 1945 मध्ये शस्त्रं टाकली, जपानने सप्टेंबरमध्ये शरणपत्रावर सही केली. अमेरिकेची यादी उठली 8 जुलै 1946 ला! हा विसराळूपणा नव्हता. जर्मनी हरल्यावरही याद्या चालू राहतील, असं अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने सप्टेंबर 1944 मध्येच सांगून टाकलं होतं. नाझींची संपत्ती तटस्थ देशांत दडवली जाईल ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती.

पण पुढे काय झालं बघा. मे 1946 मध्ये वॉशिंग्टनला स्वित्झर्लंडशी करार झाला. स्विस सरकारने 25 कोटी फ्रँकचं सोनं द्यायचं कबूल केलं, तिथली जर्मन मालमत्ता विकून पैसे निम्मे निम्मे वाटायचे ठरले, आणि त्याच करारात दोस्तांनी स्वित्झर्लंडपुरत्या काळ्या याद्या बंद करायचं मान्य केलं.

आता मला सांगा, यादीतला स्विस व्यापारी दोषी होता की निर्दोष? दोषी असेल तर त्याच्या सरकारच्या सोन्याने त्याचं पाप कसं धुतलं गेलं? निर्दोष असेल तर शांततेचं पहिलं वर्ष त्याने ओलीस म्हणून का काढायचं? खऱ्या नाझी साथीदाराचं आणि उगाच अडकलेल्याचं नाव एकाच फडक्याने पुसलं गेलं. पहिल्याला शिक्षा नाही, दुसऱ्याला ‘चुकलो’ असा शब्द नाही!

लवकर पुसता येतच नाही म्हणाल, तर तेही खरं नाही. 1916 मध्ये ब्रिटनने ऐंशीच्या वर अमेरिकन पेढ्या काळ्या यादीत टाकल्या तेव्हा अमेरिका संतापली होती. युद्धात उतरल्यावर 1917 च्या डिसेंबरात तिने स्वतःचीच तशी यादी काढली! (मॉनिटर बदलला, खडू तोच.) पण त्या याद्या 1919 च्या एप्रिलअखेर उठल्या, व्हर्सायच्या तहावर सही व्हायच्या दोन महिने आधी.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नाव लिहितानाच कारण लिहा आणि फेरतपासणीची तारीख घाला. तोफा थांबल्या की प्रत्येक नाव वेगळं तपासा: पुरावा असेल तर खटला भरा, नसेल तर पुसा. आणि तपासणारा माणूस यादी करणारा नसावा. हे स्वप्नरंजन नाही. अल-कायदाच्या यादीतून नाव काढण्याचे अर्ज तपासायला संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये स्वतंत्र लोकपालाचं पद निर्माण केलंच की! ही शहाणीव एका यादीपुरती का?

भाऊजी यावर म्हणाले, “तुम्ही अजून शाळेतच आहात.” असेन! पण वर्ग शांत झाल्यावरही फळ्यावर नाव ठेवलेलं पोर पुढे कोणावर विश्वास ठेवत नाही, हे मी तिथेच शिकले.