प्रार्थना घरीही होते, मग रविवारी चर्चमध्ये कशाला?

"देव सगळीकडे आहे म्हणता, मग दर रविवारी चर्चमध्ये कशाला जमता?" असा टोमणा आपल्यातले काही तरुण ख्रिस्ती बांधवांना मारतात. आम्हाला हा टोमणा मान्य नाही. सामूहिक उपासना देवापुढे हजेरी लावण्यासाठी नसते. एरवी एका ओळीत न बसणारी माणसे एका ओळीत बसावीत, यासाठी ती असते.

करिंथच्या मंडळीत खातेपिते लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने पत्र लिहून त्यांना खडसावले, की हे प्रभुभोजनच नव्हे! म्हणजे भाकरीत सर्वांचा वाटा नसेल, तर उपासना झालीच नाही. दक्षिणेतल्या ज्या चर्चमध्ये दलित ख्रिस्तींना वेगळे बसवले गेले, मेल्यावरही वेगळे पुरले गेले, ती याच कसोटीवर नापास होतात.

दुसरी कसोटी बाबासाहेबांनी आपल्या सोलापुरातच लावली. १ जानेवारी १९३८ रोजी इथल्या ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांना मान दिला आणि मग स्पष्ट सुनावले. समाज शिकलेला, पण अन्यायाविरुद्ध चळवळ नाही. अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की शिष्यवृत्ती बंद होते, गरिबी मात्र तीच राहते, तरी कोणी लढत नाही. ही जखम आजही भरलेली नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यांची मागणी ही आपलीही लढाई आहे.

आता आपल्याकडे पाहू. १९५४ साली ब्रह्मदेशातील बुद्ध शासन कौन्सिलला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी दर रविवारी विहारात सामूहिक वंदना आणि त्यानंतर प्रवचन सुरू करण्याची सूचना केली होती. आणि आपण? १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. एरवी किती विहारांना कुलूप असते!

"ही तर ख्रिस्तींची नक्कल," असे कोणी म्हणेल. मग भिक्खूसंघाचा उपोसथ काय होता? वज्जी वारंवार एकत्र जमतात, एकदिलाने निर्णय घेतात, तोवर त्यांची भरभराटच होईल, असे तथागतांनी सांगितले, ते कशासाठी?

वर्षातून तीनदा जमते ती गर्दी. दर आठवड्याला जमतो तो समाज. म्हणून रविवारी एक तास विहार उघडा. वंदना घ्या, धम्मावर बोला आणि उठण्याआधी विचारा, या आठवड्यात वस्तीत कोणाची शिष्यवृत्ती अडली, कोणाचा जातीचा दाखला रखडला, कोणावर अन्याय झाला? तो कागद घेऊन सोमवारी कचेरीत कोण जाणार, हे ठरल्याशिवाय उठू नका.

सोमवारी काही हलले नाही, तर रविवारची वंदना अपुरी राहिली असे समजा. हे चर्चला लागू आहे, तसेच विहारालाही.

नमो बुद्धाय! जय भीम!