घरचे दिवस वहीत कधी येणार?



कारखान्यात श्रमाची उत्पादकता काढायची रीत साधी: निघालेल्या मालाला राबलेल्या दिवसांनी भागायचे. जेऊरच्या कोरडवाहू शिवारात आम्ही हाच भागाकार मांडतो. समजा, एकरी ४ क्विंटल मालदांडी झाली, काम २० दिवसांचे. रोजी २० किलो पडले. पुढल्या साली परतीच्या पावसाने दडी मारली. २ क्विंटल पिकले, काम १६ दिवसांचे. रोजी साडेबारा किलो. हात तेच, राबणे तेच. मग आळशी कोण झाले, शेतकरी की आभाळ?

दुसरी गोम दिवस मोजण्यात आहे. खुरपणी, पाखरे राखणे, काढणी, कणसे मोडणे, कापसाची वेचणी यांत घरच्या बाया राबतात. ते दिवस वहीत नसतात, म्हणून माल स्वस्तात पिकल्यासारखा दिसतो.

२०१८-१९ पासून सरकार दीडपट हमीभाव सांगते. त्या खर्चात घरचे श्रम आहेत, पण शेतमजुराच्या दराने. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज त्यात नाही. शेतीचा कारभार पाहणाऱ्या डोक्याची मजुरीही नाही.

तेव्हा वही ठेवा. धान्य आणि कडबा मिळून आलेल्या पैशातून रोख खर्च वजा करा, उरेल त्याला घरच्या सगळ्या दिवसांनी भागा. ती तुमची खरी रोजी. शेजारी गावातली मजुरी लिहा. वह्या जिल्हा बैठकीला आणा. आपला खर्च आपण मांडला नाही, तर तो दुसरे मांडतील; आणि भावही तेच ठरवतील.