काशीत बुडी घ्या, पोहायला उतरू नका

दिवाळीच्या सुटीत काशी-प्रयाग-गयेला निघालेल्या सर्वांना, विशेषतः त्यांच्यातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना, काशीत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींची कळकळीची विनंती : घाटावरून गंगेत सूर मारू नका, पैलतीर गाठण्याच्या पैजा लावू नका.

पोहता न येणारा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर आपणहून थांबतो. आम्हाला धास्ती वाटते ती पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत शिकलेल्यांची. विहिरीचं पाणी माणसाला कुठे नेत नाही, इथलं नेतं.

गंगा इथे उत्तरेकडे वळते आणि घाट आहेत त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला. प्रवाहाचा जोर याच काठावर, म्हणून खोलीही इकडेच. वाळू साचते ती समोर. पायऱ्या संपल्या की पायाखालचा तळ सुटतो. शिंदे घाटापाशी कललेलं रत्नेश्वराचं देऊळ बघाल, तेव्हा हा काठ दगडी बांधकामाखालीही खचलेला आहे, एवढं ध्यानात घ्या. त्यात पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर चिकट गाळ राहतो. शिवाय घाटाला खेटून बांधलेल्या नावा. ओढीत सापडलेला माणूस त्यांच्या तळाखाली गेला, की वर येताना डोक्याला लाकूड लागतं, हवा लागत नाही. पलीकडची रेती उथळ दिसते खरी, पण वाळूची कड कधी ढासळेल याचा नेम नसतो.

उघड्या पाण्यात पोहण्याची हौस वाईट नाही, पण तिला देखरेखीची जागा हवी. फ्रान्समधल्या गावाकडच्या तळ्यांवरही पोहण्याची जागा आखलेली असते, मोसमात जीवरक्षक बसतो आणि लाल बावटा लागला की कोणी पाण्यात उतरत नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होते, ती हौस तिथे भागवा. काशीत स्नान करा. साखळी किंवा कठडा असेल तिथेच उतरा, पाणी कमरेच्या वर येऊ देऊ नका. लेकरांचं मनगट धरा, बोट नव्हे. रात्रभर बसचा प्रवास आणि वर उपास, अशा आजी-आजोबांनी पायरीवर बसून तांब्याने अंघोळ केली तरी गंगास्नानच घडतं. नावेत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या आणि त्याचे बंद बांधा. फोटोपुरतं गळ्यात अडकवू नका.

कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. गंगाजळासाठी घेतलेला प्लॅस्टिकचा कॅन प्रत्येकाच्या हातात असतोच. तो रिकामा करून झाकण घट्ट लावा, लुगड्याचं किंवा धोतराचं टोक त्याच्या मुठीला बांधा आणि कॅन बुडणाऱ्याकडे फेका. नावाड्यांना मोठ्याने हाक मारा, 112 ला फोन लावा. दशाश्वमेध घाटावर जलपोलिसांची चौकी आहे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून पोट दाबण्यात वेळ घालवू नका. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका.

यात्रा कंपन्यांच्या व्यवस्थापकांनो, आदल्या रात्री धर्मशाळेत जेवणं उरकली की हे सगळ्यांना वाचून दाखवा. घाटावर जोड्या लावूनच माणसं उतरवा, आणि बसमध्ये चढताना नव्हे, पाण्याबाहेर येताना डोकी मोजा.