विश्लेषण : इंडिकेटरची ‘टिकटिक’ चालकाला ऐकू का येत नाही? आवाज वाढवताना काय पाहावे?

वळण कधीच मागे पडले, तरी इंडिकेटर लुकलुकतच आहे, अशी दुचाकी रस्त्यावर रोज दिसते. ती वळणार असे समजून मागचा चालक दुसऱ्या बाजूने पुढे जाऊ पाहतो आणि दुचाकी सरळच निघते. इंडिकेटर सुरू राहिल्याचे चालकाच्या लक्षात का येत नाही, आणि त्यावर उपाय काय?

टिकटिक येते कुठून?

जुन्या मोटारींत हा आवाज मुद्दाम दिलेला नव्हता. फ्लॅशरमधील धातूची पट्टी विजेने तापून वाकायची, थंड झाली की पूर्ववत व्हायची. या उघडझापीचा तो आवाज होता. पुढे रिले आले, तेही वाजत. आताच्या अनेक मोटारींत दिव्यांची उघडझाप इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. तिच्यात हलणारा भागच नसल्याने टिकटिक स्पीकरमधून काढावी लागते.

आवाज बंधनकारक आहे का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. मोटारींच्या दिव्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा ‘नियम क्रमांक ४८’ आहे. त्यानुसार चालकाला मिळणारी सूचना दिव्याची, आवाजाची किंवा दोन्ही प्रकारची असू शकते. म्हणजे डॅशबोर्डवरचा हिरवा बाणही पुरेसा ठरतो.

दुचाकीवर अडचण अधिक का?

मोटारीचे स्टिअरिंग सरळ झाले की इंडिकेटर आपोआप बंद होतो. बहुतांश दुचाकींवर मात्र तो हातानेच बंद करावा लागतो. भर उन्हात मीटरवरचा बाण नीट दिसत नाही आणि हेल्मेट, वारा व वाहतुकीच्या गोंगाटात बारीक टिकटिक हरवते. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोकांनी जीव गमावला, त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. दुचाकीस्वाराभोवती पत्र्याचे संरक्षण नसते. त्यामुळे मागच्याला चुकीचा इशारा गेला, तर त्याची किंमत बहुधा त्यालाच मोजावी लागते.

आवाज मोठा हवा की वेगळा?

वय वाढते तशी आधी उंच पट्टीतले आवाज ऐकण्याची क्षमता घटते. बाजारात मिळणारे छोटे बझर अनेकदा याच उंच पट्टीत वाजतात. परिणामी साठीच्या चालकाला जो आवाज पुसट वाटतो, तोच शेजारच्या तरुणाच्या कानाला टोचतो. उलट फार खर्जातला आवाज इंजिन आणि टायरच्या घरघरीत बुडतो. म्हणून नुसता आवाज वाढवण्यापेक्षा मधल्या पट्टीतला बझर निवडणे आणि तो चालकाच्या जवळ बसवणे अधिक उपयोगी ठरते.

काय करता येईल?

काही नव्या मोटारींत इंडिकेटरचा आवाज सेटिंगमधून कमी-जास्त करता येतो. आधी ते तपासावे. दुचाकीवर बझर बसवताना तो डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही वायरींना डायोडमार्फत जोडावा लागतो. तसे न केल्यास दोन्ही बाजूंचे दिवे एकदम लुकलुकू शकतात आणि इशाऱ्याला अर्थच उरत नाही. वायर कापल्याने वॉरंटी अडचणीत येऊ शकते, त्यामुळे आधी सेवा केंद्रात विचारलेले बरे. टिकटिक अचानक जलद झाली, तर बहुधा एखादा बल्ब गेलेला असतो.

मर्यादा कोणती?

केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ नुसार एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न किंवा कर्कश, दचकवणारा आवाज करणारे उपकरण वाहनावर लावता येत नाही. सिग्नलला थांबलेल्या दुचाकीवरून चौकभर ऐकू जाणारी शिट्टी किंवा धून या नियमाच्या कचाट्यात सापडू शकते. रस्त्यावरच्या इतरांसाठी इंडिकेटरचा दिवा आहे. टिकटिक फक्त चालकासाठी आहे, त्यामुळे ती त्याच्या कानापर्यंत पोहोचली की पुरे.